जोतिबाचा घाट आणि इंधनाची रोजकीर्द

कोल्हापुरातून निघून पंचगंगेवरील शिवाजी पूल ओलांडला की पन्हाळ्याकडे जाणारा रस्ता वडणगे फाट्यावरून केर्लीपर्यंत बहुतेक सपाटीने, दुतर्फा उसाच्या मळ्यांमधून जातो. केर्लीपाशी उजवीकडे वळताच मात्र तो डोंगराला भिडतो आणि वळणामागून वळण घेत वाडी रत्नागिरी या गावी, म्हणजे अवघा महाराष्ट्र ज्याला जोतिबाचा डोंगर म्हणतो त्या माथ्यावर, जाऊन पोहोचतो. अंतर पाहिले तर अठरा-वीस किलोमीटरांपलीकडे नाही. परंतु कोल्हापूरची समुद्रसपाटीपासूनची उंची १,८०० फुटांहून थोडी अधिक आणि देवस्थानाची ३,१०० फुटांहून थोडी अधिक असल्यामुळे एवढ्याशा अंतरात प्रत्येक यात्रेकरूला आणि त्याला वाहून नेणाऱ्या प्रत्येक वाहनाला, मग ते बैलगाडी असो, घोडे असो वा मोटार असो, सुमारे १,२५० फूट वर चढावे लागते. आणि या चढणीचे मोल कोणीतरी, कोणत्या तरी रूपाने, चुकते करावेच लागते.

हे मोल पूर्वी दाण्यावैरणीत चुकते होत असे, पुढे ते पेट्रोलमध्ये होऊ लागले. सपाटीच्या रस्त्यावर वाहनाचे आणि वाहन हाकणाऱ्याचे गुणदोष बरेचसे झाकलेले राहतात. चढणीवर ते उघडे पडतात. म्हणूनच लहान मोटारीच्या इंधनखर्चाचा इतिहास सांगावयाचा झाल्यास तो एखाद्या कारखान्याच्या दप्तरातून सांगण्यापेक्षा अशा एका घाटाच्या आश्रयाने सांगणे अधिक उचित, असे मला वाटते. या इतिहासातून जो निष्कर्ष मला दिसतो तो आरंभीच नमूद करतो: काटकसर ही जितकी यंत्राच्या घडणीत असते तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, खर्च लिहून ठेवणाऱ्याच्या शिस्तीत असते, आणि ज्या ज्या काळी इंधन वाचले, त्या त्या काळी कोणीतरी वही उघडून बसलेला होता.

जोतिबा हे घोड्यावर बसणारे दैवत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे ते कुलदैवत; आजचे मुख्य देवालय राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधविले आणि शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये उभारले, हे सर्वश्रुत आहे. ज्या घराण्याचे वैभव घोड्याच्या पाठीवर उभे राहिले त्याची आणि अशा अनेक सरदारांची पथके या परिसरातून ये-जा करीत, त्या काळी वाहनाचे इंधन म्हणजे चंदी आणि वैरण. मराठेशाहीच्या पागेत घोड्याला रोज किती हरभरा, किती कुळीथ, किती गवत द्यावयाचे याची नेमणूक ठरलेली असे, तिची नोंद कारकून ठेवीत, आणि कोठीतून निघालेला दाणा व पागेत पोहोचलेला दाणा यांचा मेळ घातला जाई. लगाम कोणाच्या हाती आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच फर्दीवर काय लिहिले आहे हेही महत्त्वाचे मानले जात होते.

या बाबतीत छत्रपती शिवाजी महाराजांचे राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना गेलेले आज्ञापत्र मराठी वाचकाला परिचित आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याच्या ताकिदीमुळे ते प्रसिद्ध झाले. तथापि त्याचा गाभा हा हिशेबाचा आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि गवत आताच मनास येईल तसे उधळले तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग माणसे रयतेच्या दारी जाऊन उपद्रव देतील. सबब शिलकेवर नजर ठेवून, पावसाळाभर पुरेल अशा बेताने रोजचा खर्च करावा, असा त्याचा आशय आहे. साठा किती, दिवस किती आणि रोजचा खर्च किती, या तीन रकमांचा मेळ घालणे म्हणजेच इंधनाची काटकसर; आणि उधळपट्टीची झळ अखेरीस गरिबाला लागते हे त्यामागील नैतिक सूत्रही त्या पत्रात स्पष्ट आहे. मोटारीच्या युगाने या सूत्रात नवे असे फारसे काही घातलेले नाही.

१८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली आणि दूरदूरच्या यात्रेकरूंची वाट सोपी झाली. परंतु आगगाडी कोल्हापुरात थांबे, डोंगर पुढेच राही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस सातारा, कऱ्हाड, सांगली, बेळगाव या बाजूंनी येणारे लोक उंच सासनकाठ्या खांद्यावर घेऊन पायी चालत किंवा बैलगाड्यांतून येत. बेळगावकडील काही भाविक आजही बैलगाड्या जुंपून येतात. अशा गाडीवानाला चढणीचे शास्त्र शिकवावे लागत नाही. घाटाच्या तोंडाशी बैलांना पाणी दाखवणे, वंगणाच्या नळीतून आखाला वंगण देणे, निम्मी माणसे खाली उतरवून ओझे हलके करणे, मध्येच थांबून पुन्हा ओढ बसू न देता एका संथ गतीने वर जाणे, आणि उतरणीला बैलांच्या मानेवर सारा भार येणार नाही अशी खबरदारी घेणे, हे सारे तो पिढीजात ज्ञानाने करीत आला. वंगण, वजन, संथ गती आणि उतरणीची सावधगिरी: इंधनाच्या बचतीची आजची कोणतीही पुस्तिका उघडली तर याच चार गोष्टी तीत आढळतील.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या त्या संस्थानिकांच्या आणि मोठ्या साहेबांच्या. पेट्रोल चौकोनी डब्यांतून येई आणि गाळणीतून टाकीत ओतले जाई. ते किती लागले याची चौकशी करणे मालकाच्या इभ्रतीला शोभणारे नव्हते. काटकसरीची मोटार ही कल्पना आली ती परदेशातील मध्यमवर्गातून. इंग्लंडात १९२१ पासून मोटारीवरचा कर तिच्या अश्वशक्तीवर आकारला जाऊ लागला आणि ती अश्वशक्ती सिलिंडरच्या व्यासावरून ठरविली जात असल्यामुळे लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्तेजन मिळाले; १९२२ साली ऑस्टिन सेव्हन अवतरली. हीच आपल्याकडे ‘बेबी ऑस्टिन’ या नावाने डॉक्टर-वकिलांच्या दारी उभी राहू लागली, आणि प्रथमच असा मालक निर्माण झाला ज्याला गॅलनला किती मैल पडले हे विचारण्यात कमीपणा वाटत नव्हता. त्याच सुमारास गावोगावी ‘सर्व्हिस मोटारी’ सुरू झाल्या. त्यांच्या मालकांचा तर सारा धंदाच टिनभर पेट्रोलमध्ये किती फेऱ्या होतात यावर अवलंबून असे. म्हणून आपल्याकडे इंधनाचा पहिला काटेकोर हिशेब हौशी मालकाने नव्हे, तर पोटासाठी गाडी चालविणाऱ्याने ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हा हिशेब सर्वांवर सक्तीने लादला. १९४१ साली हिंदुस्थान सरकारने पेट्रोलच्या नियंत्रणाचा हुकूम काढला आणि पेट्रोल कुपनांवर मिळू लागले. जेवढी कुपने तेवढेच मैल. त्यामुळे प्रवासाचे प्रयोजन आधी ठरवावे, दोन कामे एका खेपेत उरकावीत, शेजाऱ्याला सोबत घ्यावे, ही शिस्त नकळत अंगवळणी पडली. प्रवासी मोटारींनी कोळशाच्या गॅसचा आश्रय घेतला. गाडीच्या मागे लोखंडी भट्टी बसवून तीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळावयाचा, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू गाळून व थंड करून इंजिनात घ्यावयाचा, अशी ती योजना. तिने गाडी चाले, पण पेट्रोलच्या तुलनेने शक्ती बरीच घटे. सपाटीवर ती उणीव सोसवे, चढावर मात्र उतारूंना खाली उतरून चालावे लागे आणि प्रसंगी खांदाही द्यावा लागे. ज्या पिढीने ही कोळशाची गाडी अनुभवली तिला इंधन ही वस्तू आपोआप मिळत नसते हे निराळे सांगावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या १ जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. यथावकाश जोतिबाच्या डोंगरावरही एस.टी. नियमाने चढू लागली. या संस्थेने इंधनाच्या इतिहासात एक मोलाची प्रथा रूढ केली. दर दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा आगारात गाडीवार व चालकवार लिहिला जातो. एकच गाडी, एकच मार्ग, एकच ओझे. आणि तरीही दोन चालकांच्या आकड्यांत फरक पडतो. हा फरक कोठून येतो? क्लचवर पाय ठेवून गाडी हाकण्यातून, पुढे थांबा दिसत असतानाही वेग चढवून मग करकचून ब्रेक मारण्यातून, गाडी उभी असता इंजिन चालू ठेवण्यातून. यंत्र तेच असता माणसाने वाचविलेले इंधन वेगळे काढून दाखविण्याचे सामर्थ्य या साध्या नोंदवहीत आहे, आणि म्हणूनच मी तिला एखाद्या नव्या इंजिनाइतकेच महत्त्व देतो.

सरकारी कचेऱ्यांतील जीपगाडीचे लॉगबुक हे याच कुळातले. मामलेदार कचेरीच्या अशा वहीचे एक पान डोळ्यांपुढे आणावे: डावीकडे तारीख, मग निघतानाचे मीटर वाचन, परतल्यावरचे वाचन, मुक्कामाचे गाव, कामाचा तपशील, भरलेले इंधन, आणि शेवटी फिरतीवर गेलेल्या अधिकाऱ्याची सही. खाली महिनाअखेरची बेरीज आणि सरासरी. रोजकीर्द, खतावणी आणि जमाखर्च यांवर पोसलेल्या आपल्या दप्तरी परंपरेने मोटारीला आपल्यात सामावून घेतले ते या पानावर. १९५० च्या दशकाअखेरीस दशमान मापे आली, गॅलन आणि मैल यथाकाल मागे पडले. गॅलनला ३० मैल देणाऱ्या गाडीची नोंद लिटरला साधारण साडेदहा किलोमीटर अशी होऊ लागली. माप बदलले, पान तेच राहिले.

आता लहान मोटारीकडे वळू. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईत कुर्ला येथील या कारखान्यातून १९५१ मध्ये फियाट ५०० आणि १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. लिटरला दहा-बारा किलोमीटर देणारी ही गाडी त्या काळच्या मानाने काटकसरीचीच होती. परंतु ती मिळावी म्हणून वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे आणि तिची किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर राही. शिक्षक, कारकून, लहान व्यापारी यांना परवडेल अशी मोटार देशातच घडवावी, हा विचार दिल्लीत समित्यांपुढे १९५९ पासून रेंगाळत होता. परवान्यांच्या त्या राज्यात मोटार ही चैनीची वस्तू ठरल्यामुळे तो दीर्घकाळ कागदावरच राहिला.

आणि याच काळात जोतिबाच्या डोंगरापासून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत एक माणूस तो विचार लोखंडात आणि ॲल्युमिनियममध्ये उतरवीत होता. इचलकरंजी हे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये यंत्रमाग आणल्यापासून यंत्राच्या आवाजाला सरावलेले गाव. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी, हाती अभियांत्रिकीची कोणतीही पदवी नसता, केवळ स्वतःच्या बुद्धीने आणि हस्तकौशल्याने ‘मीरा’ नावाची लहान मोटार घडविली. पहिली दोन आसनी गाडी १९४९ ची. तेथून १९७० च्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारित नमुने करीत राहिले. दोन सिलिंडरांचे हलके इंजिन गाडीच्या मागील बाजूस, स्प्रिंगांच्या पाट्यांऐवजी रबराचा उपयोग करणारी झेलव्यवस्था, आणि सर्वत्र वजन कमी ठेवण्याचा ध्यास, ही त्या रचनेची लक्षणे होत. लिटरला २० किलोमीटरांच्या आसपास चालणारी ही गाडी सुमारे १२,००० रुपयांत देता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

या आकड्याचे मोल नीट कळावे म्हणून थोडे दूरचे उदाहरण घेतो. १९३९ साली अमेरिकेत शेल कंपनीच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी आपापल्या मोटारी कमीत कमी पेट्रोलवर चालविण्याची आपसांत पैज लावली. तीत जिंकलेल्या गाडीने तिकडच्या गॅलनला पन्नासाच्या जवळ मैल काढले, म्हणजे लिटरला २१ किलोमीटर. निष्णात रसायनशास्त्रज्ञांनी पैजेपुरती, सर्व उपाय योजून साधलेली ही गोष्ट. तीच मर्यादा इचलकरंजीच्या एका कारागिराने रोजच्या वापराच्या गाडीसाठी आपल्यापुढे ठेवली होती. कुलकर्ण्यांनी ओळखलेले मर्म साधे होते: गाडीचे वजन जितके कमी, तितके तिला हलविण्यास आणि चढविण्यास लागणारे इंधन कमी, म्हणून काटकसर कार्बोरेटरमध्ये शोधण्याआधी ती वजनकाट्यावर शोधावी. परवाना, भांडवल आणि राज्यकर्त्यांचे पाठबळ यांचा योग न जुळल्यामुळे ‘मीरा’ कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. या अपयशाची मला मनापासून खंत वाटते. कारण पुण्यात आरेखित झालेली टाटांची नॅनो २००९ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यातही दोन सिलिंडरांचे इंजिन मागच्याच बाजूस होते, आणि प्रमाणित चाचणीत तिने लिटरला २३.६ किलोमीटर दिले. जो मार्ग त्याच्या साठ वर्षे आधी आपल्याच जिल्ह्यात आखला गेला होता तो किती योग्य दिशेचा होता, हे यावरून उघड व्हावे.

१९७३ च्या ऑक्टोबरातील अरब–इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत पिंपामागे सुमारे ३ डॉलरांवरून ११ डॉलरांवर गेली. पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल सापडले खरे, तरी काटकसरीची निकड सरली नाही. १९७८ साली इंधन-संवर्धनासाठी केंद्र सरकारची पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरांचा वेग राखण्याचा तिचा उपदेश भिंतीभिंतींवर झळकला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आणि गॅरेजांतील मिस्त्र्यांचा हा सुवर्णकाळ म्हणावा लागेल. कार्बोरेटरचा जेट साफ करणे, प्लगमधील अंतर पत्तीने जुळविणे, टॅपेट बसविणे, टायमिंग कानाने ओळखणे, घासलेला सिलिंडर पुन्हा बोअर करून देणे, यांवर गाडीचे ‘ॲव्हरेज’ लिटरमागे किलोमीटर-दोन किलोमीटरांनी वर-खाली होई. आणि ज्याच्या हातून ते वाढे त्या मिस्त्रीचे नाव गावात पदवीधराहून अधिक आदराने घेतले जाई.

१९८१ साली मारुती उद्योगाची स्थापना झाली आणि १९८३ च्या डिसेंबरात ८०० सी.सी.च्या आतले, तीन सिलिंडरांचे इंजिन असलेली हलकी गाडी ग्राहकांच्या हाती पडली. मध्यमवर्गाला परवडणारी काटकसरीची मोटार अखेर रस्त्यावर आली. गाडी विकत घेताना ती किती ‘ॲव्हरेज’ देते हा प्रश्न घराघरांत प्रथम विचारला जाऊ लागला, आणि त्याचे अधिकृत उत्तर देण्याचे काम पुण्यातील, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे, म्हणजे पुणेकर ज्या टेकडीला ‘ए.आर.ए.आय.ची टेकडी’ म्हणतात तेथल्या संस्थेकडे आले. तेथे गाडी रुळांवर उभी करून, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवीत व उतरवीत, जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटरांपर्यंत नेऊन तिचा खर्च मोजला जातो. सर्व गाड्यांना एकच कसोटी लागावी म्हणून ही पद्धत न्याय्यच आहे. एका गाडीची दुसरीशी तुलना तिच्यामुळेच शक्य होते. परंतु त्या रुळांना चढ नाही, त्यांवर खड्डे नाहीत, यात्रेची गर्दी नाही. म्हणून प्रमाणपत्रावरचा आकडा हा गाडीचा असतो; मालकाचा आकडा मालकाने स्वतःच काढावा लागतो.

तो काढण्याची रीत जुन्या लॉगबुकाचीच आहे. टाकी काठोकाठ भरावी, मीटरचे वाचन लिहावे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी, किती लिटर बसले ते लिहावे, आणि मधल्या किलोमीटरांना त्या लिटरांनी भागावे. एका भरणीचा आकडा फसवा असतो, कारण टाकी दर वेळी नेमक्या त्याच पातळीपर्यंत भरत नाही. तीन-चार भरण्यांची बेरीज करून काढलेली सरासरी मात्र विश्वासास पात्र ठरते. शेजारच्या रकान्यात टायरमधील हवा कधी तपासली, एअर फिल्टर कधी बदलला, किती माणसे होती, प्रवास घाटाचा की सपाटीचा, एवढे चार शब्द लिहिले की काही महिन्यांत ती वहीच बोलू लागते. आकडा अकारण उतरला तर ब्रेक चिकटत आहे, हवा कमी आहे किंवा प्लग थकला आहे, याची वर्दी मिस्त्रीच्या आधी वहीकडून मिळते.

आता या वहीच्या साह्याने जोतिबाचा घाट एकदा चढून पाहू. गाडी आणि माणसे मिळून १,००० किलो वजन धरले, आणि चढण ३८० मीटरांची, तर केवळ ते वजन वर उचलण्यास सुमारे ३७ लाख ज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते. पैकी इंजिनाच्या हाती चतुर्थांश लागते, उरलेली उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे रस्त्याचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध बाजूला ठेवला तरी, निव्वळ उंचीचे मोल अर्ध्या लिटरच्या जवळपास येते. डिकीतले अनावश्यक ५० किलो ओझे या रकमेत वीस-पंचवीस मिलिलिटरांची भर घालते. केर्लीच्या वळणापूर्वीच गिअर उतरवून, इंजिनाला धाप लागू न देता आणि विनाकारण ओरडूही न देता, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या दाबाने चढणाऱ्याला उंचीपोटी एवढाच खर्च येतो. दर वळणाला ब्रेक मारून पुन्हा पाय दाबणाऱ्याला याहून बराच अधिक.

उतरणीचा हिशेब निराळा आहे आणि त्याविषयी जुना गैरसमज अद्याप गेलेला नाही. कार्बोरेटरच्या काळात अनेक चालक डोंगरावरून उतरताना गाडी न्यूट्रल करीत, कित्येक तर इंजिनच बंद करीत. त्या काळीही तो जिवावरचा खेळ होता, कारण इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडे आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देत. प्रदूषणाचे कडक नियम २००० साली लागू झाले तेव्हापासून लहान गाड्यांतही इंधन-अंतःक्षेपणाची पद्धत आली आणि आता तो खेळ निरर्थकही झाला आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय वर घेतला की नवे इंजिन इंधनाचा पुरवठा आपण होऊन थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी थेंब थेंब पेट्रोल जळतच राहते. जो गिअरमध्ये उतरतो त्याला चढताना दिलेल्या अर्ध्या लिटरपैकी बराचसा भाग परत मिळतो आणि जीवही सुरक्षित राहतो. काटकसर आणि सुरक्षितता यांचा असा संगम क्वचितच आढळतो.

एक रकाना मात्र आपल्या वह्यांतून गळाला आहे आणि तो पुन्हा घालावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: तो माणसांचा रकाना. घाटात लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या लहान गाडीतून एकटा माणूस डोंगरावर गेला तर एका लिटरात एक माणूस १५ किलोमीटर जातो. पाच जण बसले तर तीच गाडी माणशी ७५ किलोमीटरांचे काम करते. दहा लिटरला ४५ किलोमीटर धावणारी एस.टी. वरवर पाहता उधळी वाटते. पण तीत ४५ यात्रेकरू बसले की एका लिटरात दोनशेच्या वर किलोमीटरांचा माणशी हिशेब लागतो, आणि कोणतीही लहान मोटार तिच्या जवळपासही येत नाही. माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी अनवाणी चालत खेटे घालणारे भाविक तर या हिशेबाच्या पलीकडे गेलेले आहेत. चैत्राच्या यात्रेत कोल्हापूरचे मेकॅनिक आणि पंक्चर काढणारे कारागीर वाटेवर बसून यात्रेकरूंच्या गाड्यांची मोफत सेवा करतात. हवा भरून देणाऱ्या त्या हातांनी दर वर्षी किती पेट्रोल वाचत असेल याची नोंद कोठेही होत नाही, आणि तरीही इंधन-संवर्धनाच्या इतिहासात त्यांची जागा मानाचीच राहील.

२०१७ पासून सरकारने मोटार बनविणाऱ्यांवर त्यांच्या सर्व गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनाचे बंधन घातले आणि २०२२ पासून ते किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड इतके आवळले. उद्या विजेच्या गाड्या या घाटात सर्रास चढतील आणि उतरताना थोडी वीज बॅटरीत परतही भरतील. यंत्र सुधारत जाईल, यात संशय नाही. परंतु आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग आजही परदेशातून, परकीय चलन मोजून आणावा लागतो, आणि दरवाढ झाली की तिची झळ प्रथम भाजी वाहणाऱ्या टेम्पोला व एस.टी.ने जाणाऱ्या गरिबाला लागते. पागेच्या दाण्याची उधळ झाली तर ती रयतेच्या माथी बसते, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी लेखी बजावले त्यांच्या मुलखात राहणाऱ्या प्रत्येक वाहनधारकाने गाडीच्या खणात एक वही आणि एक पेन्सिल ठेवावी. भरलेले लिटर, चाललेले किलोमीटर आणि बसलेली माणसे, हे तीन आकडे दर भरणीला लिहावेत, आणि महिन्याच्या अखेरीस त्यांची बेरीज करावी. एवढी शिस्त पाळणाऱ्याला काटकसर दुसऱ्या कोणी शिकवावी लागणार नाही.